'आप जैसा कोई' ते 'पसूरी' : पॉप गाण्यांतली आपली जबान

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपल्या घराघरांत जी पॉप गाणी ऐकली गेली, त्यांची मराठीत गंभीरपणे समीक्षा क्वचितच झाली आहे. गझलेवर लिहिले गेले, कव्वालीवर लिहिले गेले, चित्रपटगीतांवर तर पुस्तकेच्या पुस्तके निघाली. पॉप गाण्याच्या वाट्याला मात्र दोनच गोष्टी आल्या. एक, घरातल्या वडीलधाऱ्यांची नाराजी आणि दुसरी, 'सर्वाधिक लोकप्रिय' गाण्यांच्या याद्या. नाराजीला तिचे कारण असते. यादीला मात्र कारण विचारण्याची पद्धत नाही.

यादीचे एकच उदाहरण घेऊ. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २००२ साली आपल्या सत्तराव्या वर्षाच्या निमित्ताने जगभरच्या श्रोत्यांकडून सर्वांत आवडत्या गाण्यासाठी मते मागवली. पहिला क्रमांक 'अ नेशन वन्स अगेन' या आयरिश गाण्याला मिळाला, दुसरा 'वंदे मातरम्'ला आणि तिसरा 'दिल दिल पाकिस्तान'ला. जगभर गाजलेले 'बोहेमियन रॅप्सडी' दहाव्या क्रमांकावर राहिले. पहिली तिन्ही गाणी देशभक्तीची आहेत हा योगायोग नव्हे. माणूस आवडीसाठी एकदा मत देतो, पण देशासाठी शेजाऱ्यालाही मत द्यायला लावतो. अशा यादीतून मत कोणी दिले ते कळते, गाण्याने काय केले ते कळत नाही.

म्हणून लोकप्रियता आणि प्रभाव या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ज्या गाण्यानंतर दुसरी अनेक गाणी शक्य झाली, जी त्याच्याआधी शक्य नव्हती, ते गाणे प्रभावी. या कसोटीवर उर्दू-हिंदुस्तानी पॉपमधली काही गाणी तपासून पाहावीत आणि ती तपासताना त्यांच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी उर्दू शिकवतो. त्यामुळे ठेक्यापेक्षा शब्द मला आधी ऐकू येतो. हा दोष मानायचा की गुण, ते वाचकांनी ठरवावे.

सुरुवात १९८० पासून करावी लागते. फिरोज खान यांचा 'कुर्बानी' त्या वर्षी आला. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते, पण एक गाणे बाहेरून आले. त्याचे संगीतकार होते बिद्दू. बेंगळुरूहून साठच्या दशकात लंडनला गेलेल्या या माणसाने १९७४ साली कार्ल डग्लस या गायकाकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतले होते आणि ते ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्यांच्या 'आप जैसा कोई'साठी निवडली गेली ती पंधरा वर्षांची नाझिया हसन. कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये शिकणारी ही मुलगी व्यावसायिक गायिका नव्हती. पडद्यावर गाणे झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले आणि १९८१ साली सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे फिल्मफेअर पारितोषिक नाझियाला मिळाले.

या आवाजात नवे काय होते? त्या काळच्या पार्श्वगायनाच्या मापाने तो आवाज तयारीचा नव्हता. मुरकी नाही, हरकत नाही, वरच्या पट्टीत चढून दाखवण्याची हौस नाही. शाळकरी मुलगी सरळ बोलावी तसा तो सरळ येतो. आपल्याकडे तोपर्यंत पडद्यावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही मुरलेल्या, रियाजी गायिकेचाच आवाज मिळत असे. इथे एका अल्पवयीन मुलीचा आवाज मोठ्या पडद्यावरच्या बाईला दिला गेला आणि तो सगळ्यांना पटला. गाणे गाण्यासाठी उस्तादाचा गंडा बांधलेला असलाच पाहिजे असे नाही, हा धडा दोन्ही देशांतल्या तरुणांनी या गाण्यातून घेतला. त्याचे चांगले परिणाम झाले तसे वाईटही झाले, पण प्रभाव म्हणतात तो हाच.

आता शब्द पाहू. गीतकार इंदीवर. हे गाणे डिस्कोचे म्हणून त्याचे शब्द उथळ, असा शेरा आपल्याकडे सहज मारला जातो. नीट पाहिले तर वेगळेच दिसते. फूल, बहार, चमन, दिल हा सगळा ऐवज जुन्या गझलेचा आहे. माणूस फरिश्ता नाही, त्याचे पाऊल घसरू शकते, हा विचारही उर्दू शायरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या डिस्को गाण्याचे कापड नवे नव्हते, शिलाई तेवढी नवी होती. आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. समोरच्याला 'तू' किंवा 'तुम' न म्हणता 'आप' म्हटले आहे. नाचाच्या ठेक्यातही अदब सुटलेली नाही. दुसरी गोष्ट व्याकरणाची. गझलेच्या रूढ संकेतात आशिकही पुल्लिंगी आणि माशूकही पुल्लिंगी. बेगम अख्तर यांच्यासारखी थोर गायिकाही गझल गाताना पुरुषाच्या क्रियापदांतूनच बोलते. 'आप जैसा कोई'च्या धृपदात बोलणाऱ्याचे लिंग दाखवणारे एकही क्रियापद नाही. त्यामुळे ते गाणाऱ्या मुलीला दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागत नाही. ही गोष्ट इंदीवर यांनी मुद्दाम केली असे मी म्हणणार नाही. पण त्यामुळेच हे गाणे मुलींना आपले वाटले असावे, असे मानायला जागा आहे.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा 'डिस्को दीवाने' हा संग्रह बिद्दू यांच्याच संगीतात आला. चित्रपटाबाहेरचे गाणे आपल्याला नवीन नव्हते. गझलेच्या ध्वनिमुद्रिका होत्या. सत्तरच्या दशकात जगजीत आणि चित्रा सिंग यांनी त्यांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला होता. पण तो श्रोता प्रौढ होता. चित्रपटाच्या नायक-नायिकेचा आधार न घेता, तरुणांनी तरुणांसाठी काढलेला आणि एवढा मोठा श्रोतृवर्ग मिळवणारा संग्रह म्हणून 'डिस्को दीवाने'चे नाव पहिल्यांदा घ्यावे लागते. शब्दांच्या बाजूने मात्र इथूनच घसरण सुरू होते. ठेका आधी आणि शब्द नंतर, अशी रीत पडली. चालीत जितकी अक्षरे बसतील तितकेच बोलायचे, हा नियम झाला.

नाझियाचे पुढचे आयुष्य इथे थोडक्यात नोंदवले पाहिजे, कारण 'गाण्यात पडलेली मुलगी शिक्षणातून गेली' असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. तिने लंडनमध्ये पदवी घेतली, कायद्याचे शिक्षण घेतले, काही काळ संयुक्त राष्ट्रांत काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला. पाकिस्तान सरकारचा 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान तिला मरणोत्तर मिळाला.

दुसरे गाणे १९८७ चे. जनरल झिया उल हक यांची राजवट अजून संपलेली नव्हती. रावळपिंडी-इस्लामाबादच्या विद्यार्थ्यांच्या 'व्हायटल साइन्स' या गटाने 'दिल दिल पाकिस्तान' गायले. शायर निसार नासिक, चित्रण शोएब मन्सूर यांचे आणि मुख्य गायक जुनैद जमशेद. पाकिस्तानात 'मिल्ली नग्मा' म्हणजे राष्ट्रगौरवाच्या गीताची मोठी परंपरा आहे. ते नग्मे दमदार सुरात, वाद्यवृंदाच्या साथीने गायले जात. या मुलांनी तोच विषय गिटार हातात घेऊन, मोकळ्या माळावर, हसत हसत गायला. ज्या सरकारी दूरचित्रवाणीला जीन्स घातलेली, गिटार वाजवणारी मुले दाखवायची नव्हती, तिलाही हे गाणे नाकारता येईना. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच दूरचित्रवाणीवर शोएब मन्सूर यांचा 'म्युझिक ८९' हा कार्यक्रम झाला आणि तो नाझिया व झोहेब यांनी सादर केला. म्हणजे वाट मोकळी झाली होती.

पण या वाटेची किंमत ध्यानात घेतली पाहिजे. गिटारला घरात प्रवेश मिळाला तो झेंड्याच्या आडोशाने. सीमेच्या अलीकडेही याहून फार वेगळे घडले नाही. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' आले. संगीतकार पुन्हा बिद्दूच. हे गाणे आधी नाझियासाठी होते, पण पाकिस्तानी श्रोत्यांची मने दुखावतील म्हणून तिने ते नाकारले, असे सांगितले जाते. १९९१ नंतर बाजार खुला झाला होता, केबलवर संगीतवाहिन्या आल्या होत्या, परदेशी मालाच्या चिठ्ठ्या दुकानादुकानांत दिसू लागल्या होत्या. मालावर छापायचे तीन शब्द या गाण्याने प्रियकराला लावले. कल्पना गमतीची आहे, यात शंका नाही. पण त्यानंतर १९९७ साली स्वातंत्र्याच्या पन्नाशीला ए. आर. रहमान यांचा 'वंदे मातरम्' हा संग्रह आला, तेव्हा हे स्पष्ट झाले की दोन्ही देशांत पॉपला प्रतिष्ठा हवी असेल तर तिने देशाचे नाव घ्यावे लागते. स्वतःच्या बळावर उभे राहण्याइतका या गाण्याचा शब्द सशक्त नव्हता, हेच त्याचे खरे कारण आहे.

निसार नासिक यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते २०१९ साली वारले. कोट्यवधी लोकांना पाठ असलेल्या गाण्याच्या या शायराचे नाव त्यातल्या किती जणांना ठाऊक होते? कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो असे, शायराचे नाव आतल्या घडीत बारीक टाइपात. इंटरनेटवर ती घडीही गेली. मुशायऱ्यात शायर स्वतः समोर असतो, त्याला दाद मिळते, नाराजीही मिळते. पॉपने शायराला श्रोत्यापासून तोडले, आणि ज्याला कोणी जाब विचारत नाही त्याचा शब्द ढिला पडतो.

जुनैद जमशेद यांनी पुढे पॉप गाणे सोडले, तबलीगच्या कामाला वाहून घेतले आणि ते नात म्हणू लागले. ७ डिसेंबर २०१६ रोजी चित्रालहून इस्लामाबादला येणाऱ्या विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. आपल्या अनेक घरांत त्यांचे गाणे एका पिढीने ऐकले आणि त्यांची नात दुसऱ्या पिढीने. संगीत जायज की नाजायज हा प्रश्न आलिमांचा आहे आणि त्यात मी पडत नाही. समीक्षकाने एवढेच नोंदवावे की त्यांच्या नातमध्ये शब्द स्वच्छ ऐकू येतो, उच्चार चोख असतो, श्वास कुठे घ्यायचा हे कळलेले असते. हे कसब त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वर्षानुवर्षे कमावले होते. त्यांनी पॉप सोडले, पण गळ्यावरचा तो संस्कार सुटला नाही.

शब्दांच्या दृष्टीने सगळ्यांत चांगला काळ १९९६-९७ चा. १९९६ मध्ये लकी अली यांच्या 'सुनो' या संग्रहातले 'ओ सनम' आले. गीतकार सय्यद अस्लम नूर. त्याच वर्षी 'संगम' या संग्रहात नुसरत फतेह अली खान यांनी जावेद अख्तर यांचे 'आफरीन आफरीन' गायले. १९९७ मध्ये 'जुनून' या गटाच्या 'आझादी' संग्रहातले 'सयोनी' आले, त्याचे शायर साबिर जफर. तिन्ही ठिकाणी शब्द पुन्हा पुढे आला. 'ओ सनम'मध्ये शब्द थोडे आहेत, पण त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. ऐकणाऱ्याला ती आपल्या आठवणींनी भरता येते. 'सयोनी'मध्ये पंजाबी सूफी परंपरेतल्या मैत्रिणीला हाक आहे, पण बेचैनी शहरातल्या तरुणाची आहे.

'आफरीन'बद्दल थोडे अधिक लिहितो. प्रेयसीच्या रूपाचे नखशिखान्त वर्णन करण्याची उर्दूत जुनी रीत आहे, तिला 'सरापा' म्हणतात. 'आफरीन' हा सरापा आहे. उपमांमागून उपमा येतात आणि त्यांतल्या पुष्कळशा शायराने स्वतः घडवलेल्या आहेत. शाबासकीचा, धन्यतेचा हा फारसी शब्द जावेद अख्तर यांनी धृपदाच्या जागी ठेवला. तो फक्त उद्गार असल्याने कितीही वेळा उच्चारला तरी झिजत नाही. नुसरत यांनी तो कव्वालीतल्या तकरारीसारखा परत परत घेतला. इथे ठेका शब्दाच्या मागे चालतो. आकारमान पॉपचे आणि इभ्रत शायरीची, हा मेळ त्याआधी क्वचितच जमला होता. २०१६ साली राहत फतेह अली खान आणि मोमिना मुस्तहसन यांनी हेच गाणे 'कोक स्टुडिओ'त गायले, तेव्हा वीस वर्षांनीही ते नव्या पिढीला जुने वाटले नाही.

चांगल्या गाण्यांच्या नकलाही निघतात. २००० नंतर हिंदी चित्रपटगीतांत 'मौला', 'इश्क', 'रूह', 'दुआ' या शब्दांची अशी उधळण झाली की बिर्याणीत नुसते केवड्याचे पाणीच ओतावे. गाणे मुलीच्या मागे लागण्याचे आणि धृपदात 'मौला'. शब्दाचा वास येतो, चव लागत नाही. या गर्दीत रब्बी शेरगिल यांनी २००४ मध्ये बुल्ले शाह यांचे काव्य गिटारवर गायले, ते वेगळे उठून दिसते, कारण त्यांनी सूफी शब्द उचलले नाहीत तर सूफी शायराचा प्रश्न उचलला. मी कोण, हा तो प्रश्न. मराठीतही त्याच सुमारास, २००२ मध्ये, 'ऐका दाजीबा'ने पॉपचे दार उघडले. तिथे मात्र लोकगीताची ठसकेबाज बोली कामी आली.

शेवटचे गाणे 'पसूरी', फेब्रुवारी २०२२. 'कोक स्टुडिओ' पाकिस्तानात २००८ मध्ये सुरू केला तो रोहेल हयात यांनी, म्हणजे 'दिल दिल पाकिस्तान'मधल्याच एका वादकाने. पैसा शीतपेयाच्या कंपनीचा, हे विसरू नये. त्याच्या चौदाव्या पर्वात अली सेठी आणि शे गिल यांनी 'पसूरी' गायले. शब्द अली सेठी आणि फझल अब्बास यांचे. ट्रकच्या मागे लिहिलेल्या एका पंजाबी ओळीवरून गाणे सुचले आणि आपण पाकिस्तानी असल्यामुळे भारतातले एक काम होऊ शकले नाही, त्या घालमेलीतून ते आकाराला आले, असे सेठी यांनी सांगितले आहे. वर पाहिले तर ते भेट न होणाऱ्या प्रेमिकांचे गाणे आहे. भेटीच्या आड येणारा कोण हे सांगितलेले नाही, म्हणून प्रत्येकाला आपापला अडसर त्यात दिसतो. गझलेचा 'रकीब' असाच असतो. त्याला नाव नसते. आधीच्या देशगीतांच्या नेमके उलट हे गाणे आहे. ते झेंड्याचा आधार घेत नाही, दोन झेंड्यांच्या मध्ये अडकलेल्याचे दुखणे बोलते.

२०२३ मध्ये एका हिंदी चित्रपटात त्याची नवी आवृत्ती आली. शब्द बदलले, ठेका राहिला आणि मूळ गाण्यातली घालमेल नेमकी गळून पडली. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानी मूळ असलेली गाणी आणि मालिका काढून टाकण्याची सूचना भारत सरकारने ऑनलाइन मंचांना दिली. निरपराध माणसे मारली गेली त्याच्या दुःखापुढे गाण्याचे दुःख लहान आहे, हे मान्यच. तरीही ज्या गाण्याचा विषयच न होणारी भेट हा होता, त्याच्या वाट्याला हे यावे, याची नोंद समीक्षकाने केली पाहिजे.

आता या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्रात उर्दू माध्यमात शिकणारी मुले आहेत, तशी मराठी आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी, उर्दू लिपी न येणारी मुस्लिम मुलेही पुष्कळ आहेत. या दुसऱ्या मुलांसाठी गाणे हीच उर्दूची उरलेली शाळा आहे. 'आफरीन', 'रकीब', 'तनहा' हे शब्द त्यांना पुस्तकातून नव्हे, कानातून मिळतात. वर्गातल्या मुलांनाही मीर-गालिबच्या आधी हेच शब्द भेटलेले असतात. मग शिक्षकाने नाक मुरडून काय साधणार? माझा अनुभव असा की 'सरापा' म्हणजे काय हे व्याख्येने समजावण्यापेक्षा मुलांनी ऐकलेल्या गाण्यापासून सुरुवात केली तर मीरपर्यंत जाणे सोपे पडते. पण त्यासाठी गाण्यात नेण्याजोगे काही असावे लागते. ज्या गाण्यात 'मौला' फक्त मात्रा भरण्यासाठी आहे, तिथून मुलाला कुठेच नेता येत नाही. म्हणूनच पॉप गाण्याच्या शब्दांची परीक्षा सैल नव्हे, अधिक कडक असली पाहिजे.

परीक्षेची रीत सोपी आहे. ठेका बंद करावा, शब्द कागदावर उतरवावेत आणि मोठ्याने वाचावेत. या रीतीने 'आफरीन' आणि 'पसूरी' उभी राहतात, 'आप जैसा कोई' आधार घेत का होईना उभे राहते, आणि यादीत वर असलेली पुष्कळ गाणी बसकण मारतात. प्रभावाचा मान मी नाझियाच्या गाण्याला देईन, कारण त्याच्यामुळे पुढच्यांना वाट मिळाली. शब्दांचा मान 'आफरीन'ला. सर्वाधिक लोकप्रिय कोणते, ते मोजणाऱ्यांनी मोजत बसावे. आपल्या मुलांच्या ओठांवर कोणते शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक आहे का, हे मोजण्याचे काम मात्र पालकांचे आणि शिक्षकांचे आहे, आणि ते अजून व्हायचे आहे.